इगर्जीचा सदस्य म्हणजे नेमका कोण?

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात, पाच दिवसांच्या अंतराने, दोन बातम्या आल्या. २१ नोव्हेंबरला जुने गोवे येथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा दर दहा वर्षांनी होणारा शवप्रदर्शन सोहळा सुरू झाला आणि ‘गोंयच्या सायबा’च्या दर्शनासाठी से कॅथेड्रलबाहेर रांगा लागल्या. त्या रांगांत कुंकू लावलेल्या बायका होत्या आणि गळ्यात तुळशीची माळ असलेले म्हातारेही होते, याचे गोव्यात कोणाला नवल वाटले नाही. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचे अपील फेटाळले. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या आणि नियमितपणे चर्चला जाणाऱ्या या महिलेने आपण हिंदू असल्याचे सांगून नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी असा दावा करणे ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे रांगेतली कुंकवाची बाई चर्चमध्ये होती, पण चर्चची नव्हती. आणि पुदुच्चेरीची महिला आपण हिंदू आहोत असे म्हणत असली, तरी चर्चच्या लेखी चर्चचीच होती. मग चर्चचा सदस्य होतो तरी कोण, कसा, आणि ते ठरवतो कोण, हा प्रश्न त्या आठवड्यात आमच्या शिक्षककक्षात निघाला. गोव्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभरात पंचवीस माणसे ख्रिस्ती आहेत, आम्ही सगळे त्यांच्या शेजारात वाढलो, फेस्ताचे खाजे खाल्ले. पण या प्रश्नाचे धड उत्तर आमच्यापैकी एकालाही देता आले नाही. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः कॅथलिक चर्चविषयी आहे, कारण गोव्यात बहुसंख्य ख्रिस्ती कॅथलिक आहेत; इतर चर्चविषयी शेवटाकडे थोडे सांगेन.

महाजनकीचा चष्मा

गोव्यातील हिंदू माणूस हा प्रश्न नकळत देवस्थानाच्या चष्म्यातून पाहतो. आपल्याकडे भक्त कोणीही होऊ शकतो, परंतु महाजन, म्हणजे देवस्थानाच्या कारभाराचा हक्कदार, होता येत नाही. महाजन जन्मावा लागतो. पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये देवस्थानांसाठी जो कायदा केला त्यात ही व्यवस्था कागदावर आली, आणि आजही महाजनांच्या यादीत ज्याचे नाव आहे तोच देवस्थान समितीच्या निवडणुकीत मत देतो. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, गावकाराचेही तसेच: गावकारी बापाकडून मुलाकडे येते, त्यासोबत झोणाचा, म्हणजे उत्पन्नातील वाट्याचा, हक्क येतो, आणि गावात पन्नास वर्षे राहिलेला उपरा गावकार होत नाही.

साहजिकच आपण समजतो की इगर्जीचेही, म्हणजे गावच्या चर्चचेही, असेच काही असणार, म्हणजे जुनी घराणी, त्यांची यादी, आणि यादीबाहेरचे सगळे पाहुणे. प्रत्यक्षात गोव्याच्या इगर्जीत एकमेकांवर चढलेले तीन थर आहेत आणि गोंधळ होतो तो तिन्ही थरांना ‘सदस्यत्व’ हा एकच शब्द लावल्यामुळे. पहिला थर बाप्तिस्म्याचा, दुसरा पत्त्याचा आणि तिसरा कन्फ्रारियाचा, म्हणजे चर्चमधील भक्तमंडळीचा. यांपैकी फक्त तिसरा थर महाजनकीच्या जवळपास जातो.

बाप्तिस्मा: जे पुसता येत नाही

कॅथलिक चर्चचा स्वतःचा अंतर्गत कायदा आहे, त्याला कॅनन लॉ म्हणतात. सध्या लागू असलेली संहिता १९८३ ची आहे. या कायद्यानुसार माणूस चर्चचा होतो तो बाप्तिस्म्याने. डोक्यावर पाणी ओतून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने केलेला हा संस्कार. वसईचे मराठी कॅथलिक याला स्नानसंस्कार असेही म्हणतात. अर्ज, वर्गणी, सभेचा ठराव, मतदान यांतले काहीही येथे लागत नाही. तान्ह्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांपैकी निदान एकाची संमती असावी आणि मूल त्या श्रद्धेत वाढवले जाईल अशी साधार आशा असावी, एवढीच प्रमुख अट आहे.

हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. दुसऱ्या चर्चमध्ये योग्य रीतीने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते आणि पुन्हा करत नाही. शिवाय तो कोणत्या गावात झाला यावर काही अवलंबून नसते: कुंकळ्ळीत बाप्तिस्मा झालेला माणूस नैरोबीतही तितकाच कॅथलिक असतो. साधी तुलना करायची तर बाप्तिस्मा हे नागरिकत्व आहे. पण नागरिक आहात म्हणून तुमचे नाव म्हापशाच्या मतदारयादीत आपोआप येत नाही. त्यासाठी म्हापशात राहावे लागते. येथून दुसरा थर सुरू होतो.

फिर्गज: जिथे चूल, तिथले आपण

इगर्ज म्हणजे इमारत. फिर्गज म्हणजे त्या इगर्जीच्या हद्दीत राहणारा श्रद्धावंतांचा समुदाय. दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून कोकणीत आणि तिथून आपल्या बोलण्यात आले. वसईकर फिर्गजीला ‘धर्मग्राम’ म्हणतात, आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो, कारण त्यात गावही आहे आणि त्याची शीवही. फिर्गजीच्या प्रमुख पाद्रीला विगार म्हणतात. गोवा धर्मप्रांतात अशा दीडशेहून अधिक फिर्गजी आहेत आणि प्रत्येकीची हद्द ठरलेली आहे.

नियम असा की ज्या हद्दीत तुमचे राहते घर आहे, तीच तुमची फिर्गज. कायमचे राहण्याच्या इराद्याने आलात तर पहिल्या दिवसापासून. इरादा नसला तरी सलग पाच वर्षे राहिलात तर आपोआप. निदान तीन महिने राहण्याच्या हेतूने आलेल्यांना, किंवा तीन महिने प्रत्यक्ष राहिलेल्यांना, तात्पुरत्या रहिवाशाचा दर्जा मिळतो आणि तेथील विगार हा त्यांचाही विगार होतो. घराणे, जात, गावकारी यांचा येथे संबंध नाही. ज्या माणसाला गावची कोमुनिदाद शंभर वर्षांत गावकार करणार नाही, त्याला त्याच गावची फिर्गज कॅनन लॉनुसार पहिल्याच दिवशी आपला मानते. हा फरक मला स्वतःला बराच उशिरा कळला.

आमच्या बार्देशातील इमारतीत दोन वर्षांपूर्वी वसईचे एक मराठी कॅथलिक कुटुंब राहायला आले. गाडी लावायला जागा सापडते म्हणून ते दर रविवारी व्हाळापलीकडच्या इगर्जीत मिसेला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, जात. आठ महिन्यांनी मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे गोव्यातल्या कुमगाराची, तयारी करायची वेळ आली तेव्हा तिथल्या कार्यालयातील बाईंनी विचारले, “तुमचा वाडा कुठला?” वाड्याचे नाव सांगताच त्या हसून म्हणाल्या की तुमची फिर्गज व्हाळाच्या अलीकडची, मिसेला इथे खुशाल या, पण दोतोर्नीला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, मुलीचे नाव तिकडे घाला. आठ महिने ज्या इगर्जीत गुडघे टेकले तिचे ते नव्हते, आणि जिची पायरीही चढले नव्हते तिचे होते.

मग ते आपल्या फिर्गजीत गेले. सोबत लागले ते दोघांचे व मुलीचे बाप्तिस्म्याचे दाखले, चर्चमधील लग्नाचा दाखला, वसईच्या धर्मगुरूंचे ओळखपत्र आणि घराचा पत्ता. कार्यालयात कुटुंबाचा एक तक्ता भरून घेतला आणि वाड्याच्या लहान ख्रिस्ती समुदायाशी त्यांना जोडून दिले. असे समुदाय म्हणजे पंधरा-वीस शेजारी घरांचा गट. तो आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतो आणि बायबल वाचतो. हा तक्ता भरल्याने ते सदस्य ‘झाले’ असे मात्र नाही. ते आधीच होते. फक्त इगर्जीला ते ठाऊक झाले.

आणि ते ठाऊक झाल्याची खरी खूण पुढच्या वर्षी दिसली. गोव्यात सायबिणीची, म्हणजे मरियेची, लहान मूर्ती वाड्यावाड्यांतून घरोघरी फिरते. एका घरी एक रात्र राहते, लदीन म्हणजे प्रार्थनागायन होते, उकडलेले चणे वाटतात आणि दुसऱ्या संध्याकाळी गात गात ती पुढच्या घरी जाते. त्या वर्षीच्या यादीत आमच्या इमारतीतले ते दार होते. वसईच्या सुनेने आदल्या रात्री मला विचारले, “काकी, चणे किती भिजवू?” मी दोन किलो सांगितले, ते कमी पडले.

वहीचा समास

प्रत्येक फिर्गजीत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवणे बंधनकारक आहे. यातली बाप्तिस्म्याची वही ही सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिची रचना समजली की बरेच कोडे सुटते. एका नोंदीत मुलाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, पाद्रीन आणि माद्रीन म्हणजे धर्मपिता व धर्ममाता, संस्कार करणारा पाद्री एवढे असते. जुन्या पोर्तुगीज नोंदींत आजी-आजोबांचीही नावे सापडतात. पण पानाच्या कडेला मोकळा समास सोडलेला असतो, आणि माणसाचे पुढचे चर्चमधले आयुष्य त्या समासात लिहिले जाते. दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करण्याचा, संस्कार झाला, लग्न झाले, पाद्रीपदाची दीक्षा घेतली, की ते जगात कोठेही घडलेले असो, तेथून बाप्तिस्म्याच्या मूळ फिर्गजीला कळवले जाते आणि समासात टीप पडते.

म्हणूनच चर्चमध्ये लग्न ठरवताना घरात जपून ठेवलेला जुना बाप्तिस्म्याचा दाखला चालत नाही, नवा काढून आणावा लागतो, सहसा सहा महिन्यांच्या आतला. पुष्कळांना हा कारकुनी छळ वाटतो. पण जमीन विकत घेताना आपण दहा वर्षांपूर्वीचा एक-चौदाचा उतारा चालवून घेतो का? मधल्या काळात कोणाचे नाव चढले असेल, ते ताज्या उताऱ्यातच दिसणार. समासात आधीच्या लग्नाची टीप नाही, हे नव्या दाखल्यावरून कळते.

मोठ्या माणसाला सदस्य व्हायचे असेल तर?

येथे चर्च घाई करत नाही, उलट थांबवते. सात वर्षे पूर्ण झालेल्या समजत्या मुलापासून पुढे सर्वांना बाप्तिस्म्याच्या बाबतीत प्रौढ मानले जाते, आणि प्रौढाने स्वतः इच्छा व्यक्त केलेली असणे, त्याला पुरेसे शिक्षण मिळालेले असणे आणि त्याच्या ख्रिस्ती आचरणाची काही काळ पारख झालेली असणे अशा अटी आहेत. या शिकाऊ काळातील माणसाला दीक्षार्थी म्हणतात. सर्वसाधारणपणे महिनोन् महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, तो शिकतो. उपवासकाळाच्या आरंभी त्याची निवड जाहीर होते. आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात बाप्तिस्मा, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार एकत्र होतात. उमेदवार चौदा वर्षांचा किंवा मोठा असेल तर गोष्ट विगाराने परस्पर उरकायची नसते. ती बिशपांकडे पाठवावी लागते.

त्याला एक पाद्रीन किंवा माद्रीन लागते. ती व्यक्ती सामान्यतः सोळा वर्षांवरील, दृढीकरण झालेली कॅथलिक असावी आणि उमेदवाराची आई किंवा वडील नसावी. जिवाभावाचा हिंदू मित्र समारंभाला पहिल्या बाकावर बसू शकतो, पण पाद्रीन होऊ शकत नाही.

नाव बदलावे लागते का, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव ठेवू नये एवढेच चर्चचा कायदा सांगतो. संताचेच नाव हवे असे नाही. प्रॉटेस्टंट परंपरेतले उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक आहे: कवी टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते अखेरपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले.

ओपा-मुर्सा घातलेले कोण?

फेस्ताच्या मिरवणुकीत लाल-पांढऱ्या ओपा-मुर्सा, म्हणजे झूलवजा अंगरखे, घालून मेणबत्त्या आणि क्रूस घेऊन चालणारी मंडळी आपण पाहिलेली असतात. ते कन्फ्रारियाचे सदस्य. कन्फ्रारिया म्हणजे फिर्गजीच्या आत असलेली भक्तमंडळी: तिचे स्वतःचे नियम, पदाधिकारी, काही ठिकाणी स्वतःची मालमत्ता, आणि वर्षातली ठराविक फेस्ते साजरी करण्याचा मान. इगर्जीची मालमत्ता व हिशेब पाहणारी फाब्रिका ही त्याहून वेगळी संस्था आहे.

देवस्थानाशी तुलना करायचीच असेल तर ती येथे करावी. गोव्यात अनेक ठिकाणी कन्फ्रारियाचे सदस्यत्व पिढ्यान् पिढ्या विशिष्ट जातीपुरते किंवा गावकारांच्या वंशजांपुरते राखले गेले. फेस्ताचा मान कोणाचा यावरून वाद झाले, काही कोर्टातही गेले. बाप्तिस्म्यात नसलेली जात कन्फ्रारियात कशी आली, याचे उत्तर सरळ आहे: धर्म बदलला तेव्हा गाव बदलला नाही. गावकारीची उतरंड इगर्जीत गेली आणि ओपा-मुर्सा घालून चालू लागली. माझ्या मते ‘चर्च आम्हाला सदस्य करून घेत नाही’ अशी जी तक्रार अधूनमधून कानी येते ती बहुधा कन्फ्रारियाबद्दलची असते, फिर्गजीबद्दलची नव्हे. तक्रार खरी असते, पण पत्ता चुकलेला असतो.

लग्न होऊन आलेली हिंदू सून चर्चची होते का?

होत नाही. बाप्तिस्मा झालेला कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्या विवाहाला कॅनन लॉनुसार अडसर आहे, परंतु बिशपांकडून त्याची सूट मिळू शकते आणि मग लग्न चर्चमध्ये लागते. कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावे लागते की आपली श्रद्धा टिकवू आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा यासाठी शक्य ते सगळे करू. दुसऱ्या बाजूकडून वचन घेतले जात नाही. या वचनाची तिला कल्पना दिली जाते, एवढेच. लग्नानंतर ती हिंदूच राहते. ‘चर्चमध्ये लग्न लागले म्हणजे बाटली’ असे अजूनही बोलणाऱ्यांनी हे एकदा विगाराला विचारून पाहावे.

अशी सून, किंवा आपण शेजारी, मिसेला बसू शकतो. ख्रिस्तप्रसाद घ्यायला मात्र पुढे जायचे नसते. जागेवर बसून राहावे, त्यात अपमान नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहणारे हिंदू शिरगावच्या लईराईची बहीण म्हणून तिच्याकडे जातात; तिथे कोणी त्यांना सदस्यत्व विचारत नाही आणि ते मागतही नाहीत.

वर्गणी थकली तर?

अनेक फिर्गजींत कुटुंबामागे वार्षिक वर्गणी असते आणि ती मागितलीही जाते. पण सदस्यत्व तिच्यावर टांगलेले नाही. ऐपत नाही म्हणून कोणालाही संस्कारांपासून वंचित ठेवू नये, असे कॅनन लॉ स्पष्ट सांगतो.

सरकारच्या वहीत काय होते?

आपोआप काहीच होत नाही. चर्चची वही वेगळी आणि नागरी नोंदणीची वेगळी. गोव्यात विवाहाला कायद्याचे बळ येते ते नागरी नोंदणीतून. नाव बदलायचे तर त्यासाठी १९९० चा राज्याचा वेगळा कायदा आहे. काही राज्यांत धर्मांतरापूर्वी जिल्हा प्रशासनाला कळवणे सक्तीचे आहे, पण ती राज्याची अट झाली, चर्चची नव्हे.

तरीही, पुदुच्चेरीच्या खटल्यात दिसले त्याप्रमाणे, चर्चची वही कोर्टात पुरावा म्हणून उभी राहू शकते. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश सुरुवातीला फक्त हिंदूंना लागू होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून तिथे बाप्तिस्म्याची नोंद निर्णायक ठरली. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये हा दर्जा मिळाला, आणि ख्रिस्ती गावडा व कुणबी कुटुंबांच्या इगर्जीतील नोंदीने त्यात फरक पडत नाही. या दोन गोष्टींची चर्चा नेहमी सरमिसळ होऊन होते आणि मग चहा थंड होईपर्यंत भांडण चालते.

इतर चर्चमध्ये

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे १९७० मध्ये नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट चर्चच्या एकत्रीकरणातून झाले. तिथेही बाळाचा बाप्तिस्मा होतो, पण पूर्ण सहभागी सदस्य होण्यासाठी पुढे दृढीकरण व्हावे लागते, आणि मंडळीच्या कारभारात मतालाही स्थान आहे. मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चचे गोव्याशी जुने नाते आहे: मूळ वेर्ण्याचे आणि १९२३ मध्ये निधन पावलेले आल्वारिस मार जूलियस हे त्या परंपरेचे बिशप रायबंदरच्या चर्चमध्ये विसावले आहेत. गोव्यात ज्यांना ‘बिलिव्हर्स’ म्हणतात त्या स्वतंत्र मंडळ्यांत उलट विचार आहे. तेथे बहुधा तान्हेपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत. मोठेपणी, स्वतःच्या कबुलीने, पाण्यात पूर्ण बुडवून तो घेतला तरच माणूस मंडळीचा. कॅथलिक घरातील मुलगा तिकडे गेला की घरात जे वादळ उठते त्याचे मूळ येथे आहे: आईच्या दृष्टीने त्याने एकदाच व्हायचा संस्कार दुसऱ्यांदा घेतला, मुलाच्या दृष्टीने पहिल्यांदाच.

आणि बाहेर पडायचे असेल तर?

माणूस जाऊ शकतो, कोणी अडवत नाही. पण बाप्तिस्म्याची नोंद खोडली जात नाही, कारण ती एका घटनेची नोंद आहे: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक बाळाच्या डोक्यावर पाणी ओतले गेले. चर्च औपचारिकपणे सोडणाऱ्यांसाठी विवाहविषयक नियमांत एक सवलत होती, तीही २००९ मध्ये काढून टाकण्यात आली. जो गेला तो चर्चच्या लेखी दूर गेलेला आपलाच माणूस असतो, आणि परत आला तर त्याचा पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. पत्ता मात्र बदलत राहतो. वसईचे ते कुटुंब गेल्या मे महिन्यात बदली होऊन मडगावला गेले. आमच्या फिर्गजीच्या तक्त्यातून त्यांचे घर गळाले, सायबिणीच्या यादीत आता त्यांच्या दाराऐवजी वरच्या मजल्यावरचे दार आहे, आणि मुलीच्या पुढच्या टिपा अजूनही वसईच्या वहीच्या समासात पडणार आहेत.